पोटॅशियमच्या जुन्या बाटलीत धातूवर पिवळे पुट चढले आहे. ते खरवडावे का?

गोदाकाठ_लॅब यांचा प्रश्न

नमस्कार. मी नाशिकमधील एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा सहायक आहे. दिवाळीच्या सुट्टीत आमची प्रयोगशाळा तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हलवायची असल्याने तीन दिवसांपासून मी जुनी कपाटे रिकामी करीत आहे. त्यांपैकी एका कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, गंजलेल्या पत्र्याच्या डब्यात, तपकिरी काचेची एक बाटली सापडली. लेबलावरची शाई उडाली असली तरी 'पोटॅशियम धातू' एवढे वाचता येते. साठा नोंदवहीत तिची शेवटची नोंद माझ्या आधीच्या सहायकांच्या अक्षरात आहे आणि त्यांना निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली आहेत.

बाटलीत सुपारीएवढे पाच-सहा तुकडे आहेत. रॉकेल इतक्या वर्षांत उडून गेले असून तळाशी जेमतेम बोटभर उरले आहे, त्यामुळे वरचे दोन तुकडे पूर्ण उघडे पडले आहेत. बुडालेले तुकडे करडे-पांढरे दिसतात. उघड्या तुकड्यांवर मात्र हळदीच्या रंगाचे, कडेला नारिंगीकडे झुकणारे पुट चढले आहे आणि एका ठिकाणी ते जुन्या भिंतीच्या रंगासारखे खपली होऊन सुटले आहे. झाकणाच्या आट्यांजवळही थोडी पिवळसर भुकटी दिसते. मी बाटली उघडलेली नाही, फक्त खणातून काढून टेबलावर ठेवली आहे.

लासेनच्या चाचणीसाठी (सेंद्रिय पदार्थातील मूलद्रव्ये ओळखण्यासाठी) सोडियम आम्ही दरवर्षी वापरतो. त्यावरचा पांढरा थर सुरीने खरवडायचा, आतला चकचकीत धातू टिपकागदावर पुसायचा आणि छोटा तुकडा कापून घ्यायचा, हे काम मी डोळे मिटूनही करू शकेन. विभागातील एका ज्येष्ठ सरांचे म्हणणे असे, की पोटॅशियमचेही तसेच करावे आणि चांगला धातू नव्या रॉकेलात भरून ठेवावा. परंतु सोडियम हवेत जळल्यावर पेरॉक्साइड देते आणि पोटॅशियम सुपरऑक्साइड देते, हे अकरावीच्या वर्गात ऐकलेले वाक्य मला आठवले आणि हात थांबला. हे पिवळे पुट सुपरऑक्साइडच असेल का? रॉकेलात ठेवूनही ते कसे तयार झाले? आणि ते खरवडण्यात धोका असेल, तर या बाटलीची विल्हेवाट कशी लावावी?

अंबडकर यांचे उत्तर

मी औषधांच्या कच्च्या मालाच्या कारखान्यात उत्पादन विभागात होतो. उरलेले सोडियम आम्ही कोरड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये लहान लहान तुकड्यांनी सोडून नष्ट करीत असू. हायड्रोजन सावकाश निघून जातो आणि शेवटी पाणी घालून द्रावण उदासीन करता येते. पोटॅशियम अधिक तापट आहे हे खरे, पण तुकडे बारीक केले आणि भांडे बर्फात ठेवले, तर हीच रीत चालावी असे मला वाटते.

सातपूरचा_रसायनी यांचे उत्तर

गोदाकाठ_लॅब, कृपया वरील सल्ल्याप्रमाणे काहीही करू नका आणि आपल्या सरांच्या सल्ल्याप्रमाणेही करू नका. बाटली जिथे आहे तिथेच राहू द्या. अंबडकरांचा अनुभव खोटा नाही, पण तो सोडियमचा आहे आणि जुन्या पोटॅशियमला तो लागू पडत नाही. कारण आधी सांगतो, म्हणजे सरांना समजावणेही आपल्याला सोपे जाईल.

ऑक्सिजनच्या रेणूला एक इलेक्ट्रॉन दिला की सुपरऑक्साइड आयन होतो, दोन दिले की पेरॉक्साइड आयन होतो आणि रेणू तोडून प्रत्येक अणूला दोन-दोन इलेक्ट्रॉन दिले की साधे ऑक्साइड आयन मिळतात. यांपैकी पहिला इलेक्ट्रॉन ऑक्सिजन आपखुशीने घेतो आणि त्यात मोलमागे सुमारे ४३ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. त्यापुढचा प्रत्येक इलेक्ट्रॉन मात्र आधीच ऋणभारित झालेल्या आयनावर लादावा लागतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्च होते. हा खर्च भरून निघतो तो स्फटिकाच्या जालक ऊर्जेतून, म्हणजे आयन एकत्र येऊन स्फटिक होताना सुटणाऱ्या ऊर्जेतून, आणि जालक ऊर्जा आयन जितके लहान व जितके जवळ, तितकी जास्त असते. लिथियमचा आयन इवलासा असल्यामुळे तो साध्या ऑक्साइड आयनाशी इतका घट्ट बसतो की सगळा खर्च वसूल होतो; म्हणून लिथियम जळाल्यावर मुख्यतः साधे ऑक्साइड मिळते. सोडियम पेरॉक्साइडवर थांबते. पोटॅशियम, रुबिडियम आणि सीझियम यांचे आयन मोठे असल्याने लहान ऋणायनाबरोबर त्यांना तेवढा लाभ होत नाही. मोठ्या, एकच ऋणभार असलेल्या सुपरऑक्साइड आयनाबरोबरच त्यांचे अधिक जमते. सोडियमचे सुपरऑक्साइडही करता येते, परंतु त्यासाठी तापवून ऑक्सिजनचा मोठा दाब द्यावा लागतो. कपाटात ठेवलेल्या बाटलीत ते आपसूक होत नाही. आपल्या सोडियमचा थर पांढरा असतो आणि तो निर्धास्त खरवडता येतो, त्यामागे हे कारण आहे.

रॉकेलाविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. रॉकेल पाण्याला अडवते, पण ऑक्सिजनला पूर्णपणे अडवत नाही, कारण ऑक्सिजन त्यात थोडाफार विरघळतो आणि झिरपत धातूपर्यंत पोहोचतो. म्हणून बुडालेल्या पोटॅशियमवरही वर्षानुवर्षांनी पुट चढते. आपल्याकडे तर वरचे तुकडे उघडेच पडले आहेत. हळदी-नारिंगी रंग पाहता त्या थरात पोटॅशियम सुपरऑक्साइड आहे असेच धरून चालावे. करड्या-पांढऱ्या भागात ऑक्साइड, हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट यांचे मिश्रण असेल, पण त्याखाली सुपरऑक्साइड मुळीच नाही अशी खात्री नुसत्या रंगावरून देता येत नाही.

आता सुरीचा विचार करा. एका बाजूला तीव्र ऑक्सिडीकारक असलेले सुपरऑक्साइड, दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉन द्यायला टपलेला पोटॅशियम धातू, आणि थरात मुरलेले रॉकेल. स्वस्थ असताना या तिघांमध्ये घट्ट झालेल्या थराचा आडपडदा असतो. सुरीचे पाते दाबले की तो पडदा फाटतो, पिवळी भुकटी ताज्या, मऊ धातूत रेटली जाते, घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि तिघेही एका ठिकाणी येतात. जुने पोटॅशियम कापताना झालेल्या स्फोटांचे वर्णन प्रयोगशाळा-सुरक्षेच्या पुस्तकांत याच कारणासाठी दिलेले असते, आणि पिवळे वा नारिंगी पुट दिसल्यास कापण्याचा प्रयत्नच करू नये, असा स्पष्ट इशाराही तिथे असतो.

वरून नवे रॉकेल ओतावे असेही आपल्या मनात येईल. तेही नको. ८ डिसेंबर १९९९ रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्यात ओक रिज येथील वाय-१२ कारखान्यात सोडियम-पोटॅशियम मिश्रधातूच्या सांडलवंडीनंतर पिवळे सुपरऑक्साइड तयार झाले होते. सुरक्षेच्या हेतूने त्यावर खनिज तेल फवारले गेले आणि नंतर तो साका धातूच्या हत्याराने ढवळताना स्फोट होऊन कामगार जखमी झाले. तेलाने तिथे संरक्षण दिले नाही, इंधन पुरवले. अल्कोहोलचेही तेच होईल, शिवाय पोटॅशियममधून निघणारा हायड्रोजन आणि सुपरऑक्साइडमधून निघणारा ऑक्सिजन एकाच भांड्यात एकत्र येतील.

करावयाचे ते असे. झाकण फिरवू नका, कारण आट्यांत भुकटी आहे आणि फिरवणे म्हणजे घासणेच. बाटली हलवू नका, जिना चढवून दुसऱ्या मजल्यावर तर नकोच. त्या टेबलाच्या आसपासचे अल्कोहोल, ॲसिटोन, आम्ले आणि पाण्याची भांडी दूर करा, कागदावर ठळक अक्षरांत सूचना लिहून लावा आणि खोलीला कुलूप घाला. प्राचार्यांना तोंडी सांगून थांबू नका, लेखी कळवा. धोकादायक रासायनिक कचरा हाताळण्याचा परवाना असलेल्या संस्थेला बोलवताना 'जुने पोटॅशियम, सुपरऑक्साइड झालेले' हे शब्द आवर्जून वापरा, नाहीतर ते नेहमीच्या रसायनांसाठीची गाडी आणि एक मदतनीस पाठवतील. आग लागलीच तर पाणी चालत नाही आणि कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामकही चालत नाही, कारण जळत्या पोटॅशियमची त्या वायूशीही अभिक्रिया होते आणि सुपरऑक्साइड तर तो वायू शोषून उलट ऑक्सिजनच सोडते. कोरडी वाळू किंवा धातूंच्या आगीसाठीची खास पूड जवळ असावी. वाळू कोरडी आहे ना, हे हात घालून पाहा. लाल बादल्यांतली वाळू पावसाळाभर व्हरांड्यात भिजलेली असते.

अंबडकर यांचे उत्तर

वरील उत्तर वाचून माझा सल्ला मी मागे घेतो. आमच्याकडे पोटॅशियम कधी आलेच नाही आणि सोडियमच्या सवयीने मी लिहून गेलो. माझे पहिले उत्तर काढून न टाकता तसेच ठेवतो, म्हणजे ही चूक किती सहज होते ते पुढच्या वाचणाऱ्यालाही दिसेल.

गोदाकाठ_लॅब यांचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. खोलीला कुलूप घातले आहे आणि पत्र तयार करीत आहे. वाळूच्या बादलीत हात घातला, तर खरोखरच खाली चिखल निघाला.

सरांना हे सर्व वाचून दाखवले. त्यांनी ते मान्य केले, पण एक शंका विचारली, ती मलाही पडली आहे. कोळशाच्या खाणीत आणि अंतराळयानात श्वासासाठी हेच सुपरऑक्साइड वापरतात असे पुस्तकात लिहिलेले असते. जी वस्तू सुरीच्या पात्याखाली स्फोट घडवते, ती माणसाच्या तोंडाजवळ कशी ठेवतात? दुसरे असे, की अकरावीची मुले के-ओ-टू पाहिले की ते शिशाच्या डायऑक्साइडसारखे समजून पोटॅशियमचा ऑक्सिडीकरणांक अधिक चार काढतात. त्यांना सोप्या भाषेत काय सांगावे?

खाणवाट यांचे उत्तर

पहिल्या शंकेचे उत्तर मी देऊ शकेन. निवृत्तीनंतर मी नाशिकरोडला स्थायिक झालो आहे. त्याआधी चंद्रपूर भागातील भूमिगत कोळसाखाणींत बचाव पथकात नोकरी केली आणि कमरेला लावायचे स्वयंबचाव संच शेकडो कामगारांना वापरायला शिकवले.

संचातले सुपरऑक्साइड दाणेदार असते, सीलबंद पत्र्याच्या पेटीत असते आणि त्याच्या आसपास तेल, रॉकेल किंवा धातुरूप पोटॅशियम नसते. आपल्या बाटलीत जे तिघे एकत्र आले आहेत, त्यांपैकी संचात एकटे सुपरऑक्साइड असते आणि त्याला भेटायला येतो तो केवळ उच्छ्वास. उच्छ्वासातील वाफ दाण्यांना लागली की ऑक्सिजन सुटतो आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड तयार होते. ते हायड्रॉक्साइड मग उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. म्हणजे जो वायू घातक तो अडकतो आणि जो हवा तो मिळतो, तेही सिलिंडर किंवा झडपांच्या यंत्रणेशिवाय. माणूस जितका धापा टाकील तितकी वाफ जास्त आणि तितका ऑक्सिजनही जास्त, त्यामुळे पुरवठा बऱ्याच अंशी आपोआप गरजेप्रमाणे होतो. सुरुवातीच्या क्षणी दाणे थंड आणि कोरडे असल्याने अभिक्रिया रेंगाळते; म्हणून काही संचांत पहिला ऑक्सिजन देण्यासाठी क्लोरेटची छोटी वडी पेटवण्याची सोय असते.

हिशेब मांडून पाहिला तर यातली खरी खुबी दिसते. सुपरऑक्साइडचे चार रेणू कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू घेऊन कार्बोनेट झाले, तर ऑक्सिजनचे तीन रेणू सुटतात. शोषलेल्या आणि दिलेल्या वायूंचे गुणोत्तर ०.६७ येते. तेच चार रेणू पाण्याच्या मदतीने कार्बन डायऑक्साइडचे चार रेणू घेऊन बायकार्बोनेट झाले, तरी ऑक्सिजन तीनच रेणू मिळतो आणि गुणोत्तर १.३३ होते. माणूस जितका ऑक्सिजन वापरतो त्याच्या साधारण ०.८ पट कार्बन डायऑक्साइड सोडतो. हा आकडा त्या दोहोंच्या मध्ये पडतो, म्हणून दोन्ही अभिक्रिया थोड्या थोड्या प्रमाणात चालल्या की श्वासाचा ताळमेळ बसू शकतो. एक किलो शुद्ध सुपरऑक्साइडमधून सुमारे ३३८ ग्रॅम, म्हणजे शून्य अंश तापमानाला आणि वातावरणाच्या दाबाला सुमारे २३६ लिटर ऑक्सिजन मिळतो. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला पाव लिटर पुरतो, हे धरले तर कागदावर पंधरा तासांहून अधिक वेळ येतो. परंतु धुरातून वाकून चालणाऱ्या माणसाची गरज कितीतरी पट असते आणि दाण्यांवर कार्बोनेटची साय धरल्यामुळे आतला माल पूर्ण वापरलाही जात नाही. कमरेच्या संचात तर एवढे वजन भरताही येत नाही.

शिकवताना सर्वांत कठीण गोष्ट ही, की अभिक्रिया उष्णता सोडते आणि आत येणारी हवा गरम व कोरडी लागते. घसा खरखरतो, नवख्या कामगाराला वाटते की संच बिघडला, आणि तो तोंडातील मुखनळी काढायला जातो. हवा गरम लागते आहे याचाच अर्थ संच चालू आहे, हे वाक्य मी प्रत्येकाकडून तीनदा म्हणवून घेत असे.

आणि तेलाची भीती संचालाही सुटलेली नाही. ऑगस्ट २००० मध्ये रशियाची कुर्स्क ही पाणबुडी बुडाली, तेव्हा मागच्या कप्प्यात २३ खलाशी वाचले होते. हवा शुद्ध करण्यासाठीची अशीच एक रासायनिक वडी तिथे तेलकट समुद्रपाण्यात पडून आग भडकली, असे चौकशीत निष्पन्न झाले. सोयूझ यानात हेच रसायन वर्षानुवर्षे बिनतक्रार काम करीत आले आहे. फरक पडतो तो शेजारी काय आहे यामुळे.

गंगापूररोड_शिक्षिका यांचे उत्तर

दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते, कारण ही चूक मी दरवर्षी तपासते. मुलांना आधी पोटॅशियमकडे पाहायला सांगावे. त्याच्या शेवटच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन आहे आणि तो गेल्यावर उरतो तो अरगॉनसारखा भरलेला गाभा. त्यातून आणखी तीन इलेक्ट्रॉन काढणे रासायनिक अभिक्रियेच्या आवाक्याबाहेरचे आहे. तेव्हा पोटॅशियम अधिक एकच राहणार आणि उणे एक हा भार दोन ऑक्सिजन अणूंनी मिळून वाहायचा, म्हणजे प्रत्येकी उणे अर्धा. अपूर्णांक पाहून मुले बिचकतात. त्यांना सांगावे, की अर्धा इलेक्ट्रॉन कुठेच नसतो. दोन भावांनी मिळून एक सायकल घेतली तर कागदावर प्रत्येकाची अर्धी होते, तेवढाच याचा अर्थ.

हे आवडणाऱ्या मुलांना पुढचे पाऊल दाखवता येते. ऑक्सिजनच्या रेणूत प्रतिबंधी, म्हणजे बंध कमकुवत करणाऱ्या, कक्षिकांमध्ये दोन सुटे इलेक्ट्रॉन असतात आणि बंधक्रम, म्हणजे बंध किती पदरी आहे तो आकडा, दोन असतो. एक इलेक्ट्रॉन आला की तिथे तीन होतात, पैकी एक सुटा राहतो, आणि बंधक्रम दीडवर येतो; हे सुपरऑक्साइड. आणखी एक आला की चारही जोडीने बसतात आणि बंधक्रम एक होतो, हे पेरॉक्साइड. प्रतिबंधी जागा भरत जातात तशी दोन अणूंमधली लांबीही वाढत जाते. ऑक्सिजनमध्ये ती १.२१ अँगस्ट्रॉम आणि पेरॉक्साइडमध्ये सुमारे १.४९ असते, सुपरऑक्साइडची लांबी या दोहोंच्या दरम्यान येते.

त्या एका सुट्या इलेक्ट्रॉनचा इतिहास मोठा रंजक आहे. गे-ल्युसॅक आणि थेनार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच पोटॅशियम जाळून हा पिवळा पदार्थ मिळवला होता, पण पुढची शंभराहून अधिक वर्षे त्याचे सूत्र दुप्पट धरून त्याला टेट्रॉक्साइड म्हणत. त्या सूत्रात सगळे इलेक्ट्रॉन जोडीत बसवता येतात, त्यामुळे पदार्थ चुंबकाकडे ओढला जाऊ नये. १९३१ मध्ये लायनस पॉलिंग यांनी तीन इलेक्ट्रॉनांच्या बंधाची कल्पना मांडली आणि १९३४ मध्ये एडवर्ड न्यूमन यांनी त्या पदार्थाची चुंबकीय ग्रहणशीलता मोजली, तेव्हा तो समचुंबकीय, म्हणजे चुंबकाकडे ओढला जाणारा, निघाला. एक सुटा इलेक्ट्रॉन असल्याशिवाय ते शक्य नव्हते, म्हणून सूत्र निम्मे करावे लागले. फळ्यावर मी दोन्ही सूत्रे लिहिते आणि मुलांनाच विचारते, की एक लोहचुंबक मिळाला तर यांतले खरे कोणते हे कसे ठरवाल. वर्गात पहिल्यांदा शांतता पसरते, मग मागच्या बाकावरून कोणीतरी बरोबर उत्तर देते.

गोदाकाठ_लॅब, या निमित्ताने एक विनंती. नव्या प्रयोगशाळेत पोटॅशियम मागवूच नका. अकरावी-बारावीच्या एकाही प्रयोगाला आम्हाला ते कधी लागलेले नाही.

गोदाकाठ_लॅब यांचे उत्तर

सर्वांना कळवतो, की बाटली काल गेली. दोन माणसे आली होती. मुखढाल, चामड्याचे हातमोजे आणि कोरड्या वाळूने भरलेला पत्र्याचा डबा त्यांनी सोबत आणला होता. झाकणाला हात न लावता बाटली सरळ उचलून वाळूत बसवली गेली, वर पुन्हा वाळू घातली, आणि मला व सरांना व्हरांड्याच्या टोकाशी उभे राहायला सांगितले होते. एकूण काम वीस मिनिटांचे झाले. त्याआधीची परवानगीची पत्रे मात्र नऊ दिवस फिरत होती.

साठा नोंदवहीत पोटॅशियमच्या पानावर आडवी रेघ मारून तारीख घातली आहे. खाणवाट साहेबांचा ०.६७ आणि १.३३ चा हिशेब सरांनी स्वतः फळ्यावर करून पाहिला आणि तो सुट्टीनंतर वर्गात घेणार असल्याचे सांगितले. लाल बादल्यांतली वाळू गच्चीवर उन्हात पसरली आहे. वाळली की झाकणाच्या डब्यांत भरून दुसऱ्या मजल्यावर नेईन.